'थिंग' आणि 'तिंग': सभेची गोष्ट कशी झाली?

आज आपण एकच नाम घेऊ. आइसलँडिकमध्ये ते 'थिंग', नॉर्वेजियनमध्ये 'तिंग'. मूळ एकच. आइसलँडनं जुना उच्चार जपला, नॉर्वेत त्याचा 'त' झाला. इंग्रजीतला 'थिंग' हाही त्यांचाच भाऊ.

आता गंमत बघा. या शब्दाचा जुना अर्थ 'वस्तू' नव्हे, तर 'सभा'. गॉथिक भाषेत याच कुळातल्या मानल्या जाणाऱ्या एका शब्दाचा अर्थ आहे 'वेळ'. म्हणजे ठरल्या वेळी लोक जमतात, ती सभा, असा संबंध अभ्यासक लावतात.

इ.स. 930च्या सुमारास आइसलँडमध्ये 'आल्थिंगी', म्हणजे सर्वांची सभा, भरू लागली. जागेचं नावच थिंगवेट्लिर, सभेची मैदानं. तिथे राजा नव्हता आणि सुरुवातीला लिहिलेला कायदाही नव्हता. एक निवडलेला माणूस दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी. तीन वर्षांत सगळा कायदा लोकांच्या कानावरून जाई.

मग सभेची वस्तू कशी झाली? सभेत लोक भांडण मांडतात. हळूहळू त्या मांडलेल्या प्रकरणालाही 'थिंग' म्हणू लागले, नंतर कोणत्याही बाबीला आणि शेवटी कोणत्याही वस्तूला. लॅटिन 'काउझा' म्हणजे खटला, कारण. त्यातूनच वस्तू या अर्थाचा इटालियन 'कोझा' आला. आणि लांब कशाला जायचं? संस्कृतात 'गोष्ठी' म्हणजे सभा, संभाषण. मराठीत तिची 'गोष्ट' झाली, आणि आज आपण सहज म्हणतो, "दोन गोष्टी आणायच्यात बाजारातून."

नॉर्वेजियननं दोन्ही अर्थ ठेवले, पण लिंगानं वेगळे केले. पुल्लिंगी 'तिंग' म्हणजे वस्तू, नपुंसकलिंगी 'तिंग' म्हणजे सभा. म्हणून 1814 पासूनची त्यांची संसद 'स्टुर्तिंग', अर्थात मोठी सभा.

आइसलँडिकमध्ये वस्तूला एरवी 'ह्लुतुर' म्हणतात. 'थिंग' मुख्यतः सभेचाच राहिला. याचं मोल नंतर कळतं. 1800 साली डॅनिश राजानं आल्थिंगी बंद केली. 1845 मध्ये रेक्याविकला सल्लागार सभा भरली, ती त्याच जुन्या नावानं. आणि 17 जून 1944 रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली, ती थिंगवेट्लिरलाच. सभा 45 वर्षं बंद होती, पण तिचं नाव लोकांच्या तोंडी होतं. परत आल्यावर तिला नवं नाव शोधावं लागलं नाही.