जुना खेळ, छोटा पडदा: 'चालतो' म्हणजे नेमकं काय?

सध्या मला सगळे एकच विचारतात, "चालतो का गं?" म्हणजे अमुक एक जुना रोल-प्लेइंग गेम हातात धरायच्या कन्सोलवर चालतो का. साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय बघून काही भुवया वर जातील, जाऊ देत. मी ज्या खेळांबद्दल लिहितेय ते मुळात वाचायचे खेळ आहेत. १९९९ सालचा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' घ्या. त्यात लढाया आहेत, पण खरा खेळ संवादांत आहे आणि त्याची संहिता लाखो शब्दांची आहे. आपण अभ्यासाला लावलेल्या बहुतेक कादंबऱ्या त्यात आरामात बुडतील.

प्रश्न विचारणाऱ्यांत सर्वांत निकडीची आहे माझी रूममेट. दिलसुखनगरच्या आमच्या खोलीत दोन पलंग, एक टेबल आणि कोचिंग क्लासच्या नोट्सचे ढीग आहेत, त्यामुळे डेस्कटॉप ठेवायला जागा नाही. ती नांदेडची, शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेते आणि तीन महिन्यांची कमाई एका जुन्या हँडहेल्डवर लावायच्या विचारात आहे. चष्म्याचा नंबर मोठा. तिला हवेत ते जुने, मोठे, गोष्टीचे खेळ. स्टीम डेक असो वा निन्टेंडो स्विच, दोन्हींची कंपनीकडून भारतात अधिकृत विक्री नाही. म्हणजे बाहेरून आलेला माल, तोही सेकंडहँड, आणि वॉरंटी फक्त दुकानदाराच्या तोंडची. एका दुकानात तिला सांगितलं, "मख्खन के जैसा चलता!" हे मख्खन मोजायचं कसं, ते सांगायचा हा प्रयत्न.

सगळे आधी एफपीएस विचारतात, तर आधी तेच घेऊ. एफपीएस म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं येतात. ६० एफपीएस असेल तर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० असेल तर ३३.३. यातली गंमत म्हणजे ४० एफपीएस. आकड्याने ते तीसच्या जवळ वाटतं, पण ४० ला एक चित्र २५ मिलिसेकंदांचं होतं, म्हणजे वेळेच्या हिशोबाने तीस आणि साठच्या बरोबर मधोमध. स्टीम डेकचा पडदा ४० हर्ट्झवर लावता येतो, आणि जुन्या खेळांसाठी ही जागा मला फार सोयीची वाटते. डोळ्याला बरंच सुख मिळतं आणि बॅटरी साठच्या मानाने कमी जाते.

पण सरासरी आकडा फसवतो. दिलसुखनगरच्या स्टॉपवर उभं राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. तासाला बारा बस येतात म्हणजे दर पाच मिनिटांनी एक येते असं थोडंच असतं? वीस मिनिटं काही नाही, मग तीन एकामागोमाग. मेट्रोचं तसं नसतं, ती ठरल्या अंतराने येते. खेळाचंही हेच. ३० एफपीएस प्रत्येक चित्र सारख्या अंतराने देत असेल तर दहा मिनिटांत डोळा सरावतो. पण एक चित्र १६ मिलिसेकंदांत आणि पुढचं ५० मध्ये असं आलं, तर सरासरी तीसच राहते आणि तरी सगळं हिसके देत चालल्यासारखं दिसतं. म्हणून मी "किती एफपीएस?" च्या आधी "सारखे येतात का?" असं विचारते.

'डार्क सोल्स' हे याचं चांगलं उदाहरण. २०११ च्या मूळ कन्सोल आवृत्तीत ब्लाइटटाउन नावाचा दलदलीचा भाग आला की खेळ अक्षरशः लंगडायचा. २०१८ मध्ये रिमास्टर्ड आवृत्ती आली. ती नव्या मोठ्या कन्सोलवर साठाने चालते, स्विचवर तीसनेच. कागदावर स्विच निम्म्यावर, पण तेच ब्लाइटटाउन तिथे बऱ्यापैकी स्थिर तीसने पार होतं. मूळ खेळाशी तुलना केली तर ही सुधारणाच आहे. आपण तुलना कशाशी करतो यावर निम्मी निराशा अवलंबून असते.

आता पोर्ट म्हणजे काय ते. एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर नेणं. मला यासाठी फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत आहे, पण १६१६ मध्ये ते छापलं गेलं रोमन लिपीत, कारण गोव्यातल्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. मजकूर मराठी, यंत्र परकं. ओवी शाबूत राहिली, पण 'ळ' आणि 'ण' रोमन अक्षरांत बसवताना किती ओढाताण झाली असेल याची कल्पना करा. त्या छपाईला "देवनागरी का नाही?" असं विचारण्यात अर्थ नाही; "ओवी वाचता येते का?" असं विचारण्यात आहे. हँडहेल्ड पोर्टकडे मी असंच बघते. नव्या यंत्राकडे कुठले खिळे नाहीत, आणि त्यामुळे नेमकं काय गेलं?

कधी कधी गेलेली गोष्ट अगदी अनपेक्षित असते. 'क्रोनो ट्रिगर' १९९५ मध्ये सुपर निन्टेंडोच्या कार्ट्रिजवर आला. १९९९ मध्ये जपानात तो प्लेस्टेशनवर गेला. प्लेस्टेशन कितीतरी ताकदवान यंत्र, म्हणजे खेळ वेगवान व्हायला हवा, नाही का? उलट झालं. कार्ट्रिजमधली माहिती यंत्राला जवळपास ताबडतोब मिळायची. सीडी मात्र फिरून, लेन्स सरकून, शोधून वाचावी लागते. लढाई सुरू होताना थांबा, मेनू उघडताना थांबा. रोल-प्लेइंग गेममध्ये मेनू शेकडो वेळा उघडतो, तेव्हा हे थांबे किती होतात बघा. मग २००८ मध्ये तोच खेळ निन्टेंडो डीएस या हातातल्या यंत्रावर पुन्हा कार्ट्रिजमध्ये आला आणि थांबे गेले. लहान यंत्रावर जुना खेळ मोठ्यापेक्षा बरा चालू शकतो, तो असा.

याच्या उलट २००७ ची पीएसपीवरची 'फायनल फँटसी टॅक्टिक्स: द वॉर ऑफ द लायन्स'. मूळ खेळ १९९७ चा, पीएसपीला जड जाण्याचं वरवर काही कारण नाही, तरी मंत्र टाकला की अ‍ॅनिमेशन रेंगाळतं. नवीन भाषांतर सुंदर, आणि प्रत्येक आगगोळ्याला जांभई. मी तरी तो खेळ सोडला नाही. पाळीपाळीने चालणाऱ्या लढाईत अर्धा सेकंद उशीर झाला म्हणून कुणी मरत नाही. हा फरक मी सगळ्यांना आधी विचारते. लढाई पाळीची आहे की लगेच बटण दाबायची? पाळीची असेल तर २५ एफपीएससुद्धा चालून जातं. लगेचची असेल तर स्थिर तीसच्या खाली मी पैसे घालणार नाही.

आणि जास्त एफपीएस नेहमी चांगलं असंही नाही. काही जुन्या खेळांनी आपलं घड्याळच फ्रेमला बांधून ठेवलंय. 'बाल्डर्स गेट' (१९९८) ज्या इंजिनवर होता त्यात सेकंदाला ३० वेळा हिशोब व्हायचा. तो आकडा वाढवला की माणसं पळायलाच लागतात. 'डार्क सोल्स २' मध्ये पीसीवर साठाने खेळलं की तलवारी दुप्पट वेगाने झिजायच्या, कारण झीज फ्रेमनुसार मोजली जात होती. 'स्कायरिम'ची मूळ आवृत्ती साठच्या वर नेली की सामान हवेत उडतं. तेव्हा नव्या महाग हँडहेल्डचा ९० किंवा १२० हर्ट्झचा पडदा या खेळांना फारसा उपयोगाचा नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

नव्यातल्या जुन्याचं बोलायचं तर 'द विचर ३'. २०१५ चा हा अवाढव्य खेळ २०१९ मध्ये ३२ जीबीच्या एका कार्ट्रिजमध्ये बसवून स्विचवर आणला. हातात धरल्यावर चित्र सुमारे ५४०पी, वेग तीसच्या आसपास, दूरची झाडं पाण्यात भिजलेल्या रंगचित्रासारखी. काहींना तो अपमान वाटला. मला तो पराक्रम वाटतो, पण त्यातली शहरं बघायला मी तो स्विचवर घेणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी स्विचवरच आणला, बाकी यंत्रांवर नंतर. तो जुना नाही की रोल-प्लेइंगही नाही, पण लहान यंत्राची मर्यादा सुरुवातीपासून डोळ्यांसमोर ठेवणं आणि मोठा खेळ नंतर दाबून भरणं यातला फरक त्यावरून कळतो. (मराठी मुलखातला खेळ म्हणून पक्षपात आहेच थोडा.)

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी कुणी विचारत नाही. अक्षर.

जुने खेळ ६४० बाय ४८० च्या पडद्यासाठी काढलेले. १५ इंची जुन्या मॉनिटरवर १२ पिक्सेल उंचीचं अक्षर साधारण ५ मिलिमीटरचं दिसायचं. स्टीम डेकचा पडदा ७ इंची, १२८० बाय ८००. तिथे एका इंचात सुमारे २१५ पिक्सेल बसतात. तोच खेळ पडदाभर ताणला तर ते अक्षर अडीच मिलिमीटरचं होतं. आपण हँडहेल्ड डोळ्यांच्या जवळ धरतो, त्यामुळे हे चालतं. पण खेळ न ताणता १२८० बाय ८०० वरच लावला, तर जग जास्त दिसतं आणि अक्षर दीड मिलिमीटरच्याही खाली जातं. औषधाच्या पट्टीवरचा मजकूर आठवा. स्टीम डेकसाठी खेळ तपासून 'व्हेरिफाइड' शिक्का देताना व्हॉल्व्ह कंपनी अक्षराची उंची किमान ९ पिक्सेल मागते. हिशोब केला तर ते जेमतेम १ मिलिमीटर! नियमात बसतं, रूममेटच्या चष्म्यात बसत नाही. लाखो शब्दांचा खेळ साठाने धावतोय आणि वाचता येत नाहीये, तर तो चालतो असं कसं म्हणायचं?

म्हणून जुना खेळ घेताना अक्षर मोठं करायची सोय आहे का ते आधी बघावं. 'बाल्डर्स गेट'सारख्यांच्या एनहान्स्ड एडिशन निघाल्या आहेत, त्यांत अशा सोयी नंतर घातल्या गेल्या. मूळ आवृत्तीत नसेल तर रिझोल्यूशन कमी करा. चित्र थोडं धूसर होईल, होऊ द्या.

संगीताबद्दल दोनच वाक्यं. सुपर निन्टेंडोत आवाजासाठी वेगळी चिप होती, तर गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला संगीत मिसळायचं काम मुख्य प्रोसेसरकडूनच करून घ्यावं लागे. त्यामुळे २००६ च्या हँडहेल्ड 'फायनल फँटसी ६' मधलं संगीत मूळच्या मानाने पिचकं वाटतं, आणि त्या खेळात संगीत म्हणजे अर्धा जीव.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. स्टीम डेकच्या पहिल्या मॉडेलमध्ये ४० वॉट-तास. खेळ २० वॉट खात असेल तर दोन तास, ८ वॉट खात असेल तर पाच. जुना खेळ तीस किंवा चाळीसवर बांधून ठेवला, पडद्याचा उजेड कमी केला, की दुसऱ्या आकड्याकडे सरकता येतं. देवगिरी एक्स्प्रेसने नांदेडला जाणाऱ्या मुलीला हा फरक डब्यातला चार्जिंग पॉइंट बंद निघाला की लगेच कळेल. सेकंडहँड यंत्रात बॅटरी थकलेली असते हे धरून वरच्या आकड्यांतून थोडं कापा.

तर रूममेटसाठी मी एका कागदावर लिहून दिलंय. दुकानदार मेनू दाखवेल, तो बघू नकोस. मेनू सगळीकडे छान चालतो. खेळ सुरू करायला लाव आणि गर्दीच्या बाजारात किंवा मोठ्या लढाईत चालून बघ. मेनू दहा वेळा उघड-बंद कर आणि मनात आकडे मोज. एक लांब संवाद उघड, यंत्र मांडीवर धर, नेहमीचाच चष्मा ठेव आणि पान न उचलता शेवटपर्यंत वाच. मध्येच डोळे बारीक करावे लागले तर यंत्र परत दे. वीस मिनिटं चालवून बॅटरीचा आकडा किती उतरला ते लिहून घे. दुकानदार वैतागला तर वैतागू दे, तीन महिने शिकवण्या तू घेतल्यास.

ती शनिवारी जाणार आहे. तिने कागदाखाली आणखी एक ओळ स्वतः लिहिली आहे: "हेडफोनची पिन हलवून बघणे." हे मला सुचलं नव्हतं.