गळ्यातील क्रूस : अलंकार नव्हे, श्रद्धेची खूण

चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना याने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली व आपल्या नाण्यांवर क्रूस उमटविला. आजच्या इथिओपियात बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या गळ्यात ‘मातेब’ नावाचा दोरा बांधतात. त्यातच पुढे क्रूस ओवला जातो.

असे जुने क्रूस जगभर संग्रहिले जातात. अक्सुम, लालिबेला, गोंदर या स्थळांच्या नावांनी त्यांच्या घडणी ओळखल्या जातात. सोन्यापेक्षा चांदीचे क्रूस अधिक आढळतात. त्यांतील पुष्कळसे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्या नाण्यांपासून घडविलेले आहेत. १७८० हे साल कोरलेल्या या नाण्याचे वजन सुमारे २८ ग्रॅम असून त्यात सुमारे ८३ टक्के चांदी असते. बाजारपेठेतील नाणे सोनाराच्या हातून श्रद्धेची खूण बनले.

आपल्याकडे मात्र कित्येकदा उलट घडते. तुर्भे परिसरात गोवा, वसई, मंगळूर, केरळ येथून आलेली ख्रिस्ती कुटुंबे राहतात. घर बदलताना वा लग्नकार्यात आजीचा जुना क्रूस मोडीत निघतो. सोन्याचा भाव मिळतो, पण आठवण वितळते.

आशीर्वादित पवित्र वस्तू खासगी मालकीच्या असल्या तरी आदराने वापराव्यात, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ११७१ सांगते. म्हणून घरचा क्रूस कोणाचा, कोणत्या प्रसंगी मिळाला, हे एका चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवावे. पुढे नातवंडाच्या बाप्तिस्म्याला तोच क्रूस त्याच्या गळ्यात घालावा. संग्रहाचे याहून मोठे सार्थक कोणते?