पेनड्राइव्ह लावण्याआधी

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली. नोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची वाढीव मुदत दिली, पण दुखणं तेवढ्याने सरत नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. त्यामुळे 2016-17 च्या सुमारास घेतलेले, आजही ठणठणीत असलेले संगणक मध्येच अडकले. ते भंगारात जावेत, हे मला पटत नाही.

अशा संगणकावर लिनक्स टाका, हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. मराठी डीटीपी करणाऱ्याचं उदाहरण घ्या. पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर केलेली पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका यांच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. दुसरीकडे उघडल्या तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. वर्षानुवर्षांचं ते काम विंडोजवरच उघडतं. म्हणून विंडोज राहू द्यावं, पण इंटरनेटपासून तोडून, केवळ जुन्या कामासाठी. बँक, ईमेल, पोर्टलं हे सगळं शेजारच्या लिनक्सवर करावं. 'ड्युअल बूट' करायचं ते यासाठी.

दोन प्रणाली एका डिस्कवर नांदतात कशा? जुन्या बायोसच्या काळात डिस्कच्या पहिल्या 512 बाइट्समध्ये सुरुवातीचा कोड असे आणि तिथे जागा एकालाच. नंतर येणारी प्रणाली आधीचीला पुसून बसे. बायोसच्या जागी यूईएफआय आल्यावर हे बदललं. डिस्कवर एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, विंडोज ते बहुधा 100 एमबीचं करते, आणि त्यात प्रत्येक प्रणालीचा स्वतःचा फोल्डर असतो. लिनक्सचा 'ग्रब' तिथेच येऊन बसतो आणि संगणक सुरू होताना कुठे जायचं ते विचारतो. एखाद्या विंडोज अपडेटनंतर ग्रब दिसेनासा झाला, तरी बहुतेक वेळा फक्त क्रम बदललेला असतो. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये तो परत लावता येतो. आपलं विंडोज यूईएफआयवर चालतं की जुन्या पद्धतीने, हे सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड'समोर लिहिलेलं असतं. लिनक्स बसवण्याचा पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करायचा.

लोक घाबरतात लिनक्सच्या इन्स्टॉलेशनला. खरी जोखीम त्याच्या आधीच्या, विंडोजमध्येच करायच्या कामात आहे. पहिलं काम बॅकअप, आणि तो वेगळ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवरची प्रत धरायची नाही. दुसरं, एन्क्रिप्शन. कित्येक लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू असतं. संगणक सुरू होण्याची साखळी बदलली की विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनला संशय येतो आणि तो 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फायली कायमच्या बंद होऊ शकतात. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवावी, किंवा एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत थांबावं.

तिसरी गोष्ट 'फास्ट स्टार्टअप'. ही सोय चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपली अवस्था डिस्कवर लिहून झोपी जाते. अशा डिस्कवर लिनक्सने लिहिलं तर घोळ होऊ शकतो, म्हणून लिनक्स ते पार्टिशन बहुधा फक्त वाचण्यापुरतंच उघडतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करावी.

मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी करायची. लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार किमान 20 जीबी मागतो, पण 100 जीबी द्यावेत असं त्याचे कर्तेच सांगतात. दोनशे जीबी मोकळे दिसत असूनही विंडोज वीसच सोडायला तयार होते, असं पुष्कळदा घडतं. हायबरनेशनची आणि पेजिंगची हलवता न येणारी फाइल मध्येच बसलेली असते. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून पाहावं.

एवढं झालं की पुढचं सोपं. पेनड्राइव्हवरून मिंट आधी न बसवताच चालवून बघा. वायफाय लागतं का, प्रिंटर छापतो का, मराठी नीट उमटतं का. इन्स्क्रिप्टवर हात बसलेल्यांना कळफलक तोच मिळेल. बसवताना 'विंडोजच्या सोबत' असा अर्थ असलेला पर्याय निवडायचा. 'इरेज डिस्क' हा पर्याय सगळी डिस्क पुसतो. तिथे घाई नको.

आणि घड्याळ. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की दुपारी तीन वाजता संगणक सकाळचे साडेनऊ दाखवू शकतो. बॅटरी गेली असं समजून लोक ती बदलतात. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरक नेमका तेवढाच. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल'ने त्यालाही स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की दोन्हीकडे एकच वेळ दिसते.