आतल्या बाजूची शिवण

मुलांचा उन्हाळी फ्रॉक पारखायचा तर उलटा करून बघावा. बाहेर फुलं असोत की लेस, लेकराच्या अंगाला लागते ती आतली शिवण. अकोल्याला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत काखेत टोचणारा एखादा धागाही घामोळ्यांवर घासतो आणि मूल किरकिरायला लागतं. म्हणून घरच्या मुलींसाठी शिवताना मी आधी आतल्या बाजूचा विचार करते.

कापड सुतीच घ्यायचं : मलमल, वॉयल किंवा कॅम्ब्रिक. सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओल नुसत्या हवेतून धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. बाळंतविड्यातली झबली जुन्या सुती लुगड्याची शिवतात, त्यात मोठं शहाणपण आहे. वर्षानुवर्षं धुऊन ते सूत मऊ पडलेलं असतं, जायचा तेवढा रंग गेलेला असतो आणि कापड आकसायचं उरलेलं नसतं. नवं कापड मात्र रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच कापायला घ्यावं.

तीन वर्षांच्या मुलीला 44 इंच पन्ह्याचं मीटरभर कापड पुरतं. छाती 21 इंच असेल तर तिचा चौथा भाग सव्वापाच. त्यात इंचभर ढिलाई आणि अर्धा इंच शिलाईची माया धरून चौपदरी घडीवर पावणेसात इंचांवर खूण करायची. मुंढा पाच इंच खोल ठेवायचा. तिथे कापड वाचवू नये, कारण मूल दिवसभर हात वर करून काहीतरी काढत, चढत, लोंबकळत असतं. खालच्या घेराला 22 इंच रुंदीचे दोन तुकडे लागतात. त्यांचा उभा धागा वरून खाली यावा, म्हणजे घेर नीट पडतो.

चुण्यांसाठी पाव इंच अंतरावर लांब टाक्यांच्या दोन समांतर टिपा मारते आणि खालचे दोरे हळूहळू ओढते. एकाच टिपेवर चुण्या इकडेतिकडे कलंडतात, दोन टिपांवर सरळ उभ्या राहतात. मग बोटांनी सरकवत त्या छातीच्या भागाइतक्या सारख्या पसरायच्या. पातळ कापडाला मशीनची सुई 11 नंबरची हवी. जाड सुईने मलमलीवर भोकं दिसतात.

बाजूची शिवण मी दोनदा घालते. आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेलगत टीप मारायची, सुटे धागे कातरायचे, मग कापड उलटवून पुन्हा टीप मारायची. कापडाच्या कडा दोन टिपांच्या मध्ये बंद होतात आणि हात फिरवला तरी आत काही टोचत नाही. गळ्याला आणि मुंढ्याला सव्वा इंच रुंदीची तिरकी पट्टी लावते. तिरकं कापलेलं कापड थोडं ताणतं, म्हणून गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. पट्टी आत वळवली की हातशिलाई, बारीक आणि सैल. पाठीवर बटण मी लावत नाही, झोपल्यावर ते रुततं. खांद्यावर त्याच कापडाचे बंद पुरतात, आणि मुलगी वाढली की ते सैल बांधता येतात.

खालची दुमड दोन-अडीच इंचांची ठेवते आणि तीही हातानेच घालते, म्हणजे उसवायला सोपी जाते. या वयात मुलं वर्षाला साधारण 6 ते 7 सेंटिमीटर उंच होतात, छाती मात्र जेमतेम इंचभर वाढते. पुढच्या चैत्रात दुमड सोडायची आणि जुन्या घडीची रेघ उठून दिसली तर तिच्यावर रंगीत फीत शिवायची. असा फ्रॉक दोन उन्हाळे सहज जातो. मुलांच्या कपड्याकडून माझी अपेक्षा एकच असते : तो घालून मूल खेळायला पळालं की अंगावर काय आहे, याची त्याला दिवसभर आठवणही होऊ नये.