विठाबाईंचा सव्वा महिना

गेल्या महिन्यात वाचनालयातून योगिराज बागूल यांचं ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ हे पुस्तक आणलं. सासूबाई बघून म्हणाल्या, “अगोबाई, तमाशाचं पुस्तक? आपल्या घरात?” मला हसू आलं. पण लहानपणी पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेत कनात लागली, की आम्हा मुलींनाही दिवेलागणीच्या आत घरात घेत. ढोलकी ऐकायची ती गोधडीत पडून!

मैत्रिणींनो, १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांनी उभं आयुष्य फडाबरोबर काढलं. आज या गावी, उद्या त्या गावी. रात्रभर खेळ, मग तंबू, पेट्या, भांडीकुंडी गाडीत भरायची आणि पुढची वाट धरायची. चूल, लेकरं, आजारपण, सगळं त्या वाटेवरच.

एक प्रसंग तर काळजात रुतला. दिवस भरलेले असताना विठाबाई नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या! ‘केवढी ही जिद्द!’ असं म्हणून आपण हा प्रसंग सांगतो. मीसुद्धा भाषणात सांगितलाय. या वेळी मात्र मनात आलं, ही जिद्द की नाइलाज? खेळ थांबला तर फडातल्या माणसांनी खायचं काय?

आमच्या बचत गटातली एक जण बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी धुणीभांड्याला गेली होती. मी रागावले, तर म्हणाली, “ताई, घरी बसले तर कामं दुसरीला जातात.” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विठाबाईंचा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. तरी शेवटचे दिवस ओढाताणीतच गेले. २००२ मध्ये त्या गेल्या. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलंच झालं. पण टाळ्या आणि शाली बाळंतिणीला विसावा देत नाहीत.

हा प्रसंग मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बायकांनीच ठरवलं, गटातली जी बाळंत होईल तिची घरं बाकीच्यांनी वाटून घ्यायची. पगार तिचा तिलाच. सव्वा महिना तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

पुस्तक परत करायची तारीख उलटून गेलीय. काय करणार, सध्या ते सासूबाईंच्या उशाशी आहे!