भुताची युकाता

जपानी कार्टून म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते डोरेमॉन आणि शिनचॅन. मुलांनी टीव्हीसमोर ठाण मांडलं की आपण त्या आवाजाला वैतागतो आणि स्वयंपाकघरात निघून जातो. पण जपानमध्ये 'अ‍ॅनिमे' म्हणजे काही फक्त लहान मुलांचा खाऊ नव्हे. घरातली, शाळेतली, अगदी साधी माणसं घेऊन तिथे सुंदर मालिका निघतात. अशीच एक मालिका म्हणजे 2012 साली आलेली 'ह्योका'. होनोबु योनेझावा या लेखकाच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली आहे. क्योटो अ‍ॅनिमेशन या संस्थेने ती केली आणि दिग्दर्शन यासुहिरो ताकेमोतो यांचं. या स्टुडिओला 2019 च्या जुलैमध्ये एका माणसाने आग लावली, 36 जण गेले. ताकेमोतोही त्यातच गेले.

मालिका आहे रहस्यांची. पण खून नाही, दरोडा नाही. शाळेतली चार मुलं आणि त्यांना पडणारी छोटी छोटी कोडी. होउतारो ओरेकी हा नायक महाआळशी. जे टाळता येईल ते टाळायचं, हा त्याचा बाणा. त्याची थोरली बहीण जगभर भटकणारी. ती थेट आपल्या बनारसहून पत्र पाठवून त्याला शाळेच्या क्लबात जायला लावते. तिथे भेटते एरु चितांडा. मोठ्या जमीनदार घरातली एकुलती एक लेक, जिला प्रत्येक गोष्टीचं कुतूहल!

आज सांगायचंय ते सातव्या भागाबद्दल. ही चौघं सुट्टीत डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जातात. त्यांच्यातल्या मायाकाच्या नातेवाइकांचं तिथे छोटंसं लॉज आहे. त्या घरात दोन बहिणी, थोरली रिए आणि धाकटी कायो. रात्री भुताची गोष्ट रंगते. समोरच्या इमारतीतल्या एका खोलीत म्हणे पूर्वी एका पाहुण्याने गळफास घेतला होता. आणि त्याच रात्री मुलींना त्या खोलीत खरोखरच काहीतरी लटकताना दिसतं!

आता खरं सांगू? रहस्य म्हणून हा भाग अगदीच लेचापेचा आहे. ते भूत म्हणजे वाळत घातलेली युकाता, उन्हाळ्यात घालायचा सुती किमोनो. धाकटीने ताईची युकाता न विचारता घेतली, नेसून जत्रेला गेली, पावसात भिजली. मग कोणाला कळू नये म्हणून रिकाम्या खोलीत ती वाळत टाकली. पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधून कपडे वाळवणाऱ्या कुठल्याही बाईला हे उत्तर नायकाच्या आधी सुचेल. ज्या रात्री भुताची गोष्ट, त्याच रात्री भूत, हा योगायोगही जरा जास्तच. शिवाय अशा दमट रात्री भिजलेलं सुती कापड सकाळपर्यंत वाळतं तरी का? आणि पुरावा काय, तर नुसता तर्क. कायोला जाऊन विचारायचं कोणाला सुचतच नाही.

या भागाचं नावही एका जपानी म्हणीवरून घेतलंय. भूत भूत म्हणून घाबरलो, जवळ जाऊन पाहिलं तर वाळकं गवत. आपल्याकडे म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, त्याच जातीतलं. म्हणजे नाव वाचूनच अर्धं कोडं सुटतं!

तरीही हा भाग बघावासा वाटतो. पावसाने ओल्या झालेल्या वाटा, गरम पाण्याची वाफ, चौघांची थट्टामस्करी, सगळं इतकं निवांत आहे की आपणच चार दिवस माहेरी गेल्यासारखं वाटतं. आणि कोडं सुटल्यावर खरी गोष्ट सुरू होते. चितांडाला उत्तर ऐकून आनंद होत नाही. तिला भावंडं नाहीत. बहीण असावी, सगळं वाटून घ्यावं, हे तिचं जुनं स्वप्न. आणि इथे सख्ख्या बहिणी, पण एक कपडा मागायची चोरी. थोरली आपल्या वस्तूंवर चक्क नाव लिहून ठेवणारी.

आपण लगेच थोरलीला कंजूष म्हणून मोकळ्या होतो. पण तिची बाजू कोणी विचारतच नाही, आणि मला वाटतं, या भागातला खरा कच्चा दुवा हाच आहे. लॉज चालवणारं घर ते. खोल्या पाहुण्यांच्या, अंथरुणं पाहुण्यांची, सुट्टीचे दिवससुद्धा पाहुण्यांचे. अशा घरात वाढणाऱ्या मुलीला चार वस्तू तरी फक्त आपल्या असाव्यात असं वाटलं, तर तो काय गुन्हा? आपल्याकडे थोरलीला पहिल्यापासून एकच धडा, "तू मोठी ना, दे तिला!" आणि धाकटीच्या वाट्याला ताईचे उतरलेले फ्रॉक. एकीला देण्याचा कंटाळा, दुसरीला मागण्याची लाज. मधल्यामधे एक भूत तयार होतं.

शेवटी डोंगरवाटेवर दोघी बहिणी पुन्हा दिसतात. धाकटीचा पाय दुखावलाय आणि थोरलीने तिला पाठुंगळी घेतलंय. कपडा न देणारी ताई धाकटीला मात्र उचलून घरी नेते. बघून चितांडाचा चेहरा खुलतो. आपलाही.

तेव्हा मैत्रिणींनो, रहस्य पाहायचं म्हणून बसलात तर निराश व्हाल. पण घरात दोन लेकी असतील तर त्यांना शेजारी घेऊन हा भाग जरूर बघा. आणि संपल्यावर थोरलीला एकदा विचारा, तुझं स्वतःचं, कोणालाच द्यायचं नाही असं काय आहे गं? त्याला हात लावायच्या आधी धाकटीने विचारायचं, एवढा नियम घरात असला की पुरे.