मधल्या सुट्टीत जन्मलेली भाषा

निकाराग्वाची राजधानी मानाग्वा. १९७७मध्ये तिथे कर्णबधिर मुलांचे वर्ग सुरू झाले, काही वर्षांत व्यवसायशिक्षणाची शाळाही निघाली. तोवर ही मुलं आपापल्या घरी एकटी होती. घरच्यांपुरत्या चार खुणा, एवढंच त्यांचं बोलणं. वर्गात ओठांवरून स्पॅनिश शिकवलं जाई, ते फारसं साधलं नाही. पण पटांगणात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी एकमेकांच्या खुणा उचलल्या, आणि त्यातून निकाराग्वाची सांकेतिक भाषा उभी राहिली. कोणी शिकवलेली नव्हे!

१९८६मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल तिथे पोहोचल्या. पुढच्या अभ्यासांत सगळ्यात विलक्षण गोष्ट दिसली ती धाकट्यांची. ‘गडगडत खाली आला’ हे आधी शाळेत आलेली मोठी मुलं बहुधा एकाच हालचालीत दाखवत. मागून आलेली लहान मुलं ‘गडगडणं’ आणि ‘खाली येणं’ अशा दोन सुट्या खुणा करून त्या जोडत. हे व्याकरण त्यांनीच घडवलं, तेही दहा-पंधरा वर्षांत.

२००९मध्ये या भाषेला कायद्याने मान्यता मिळाली. तिची पहिली पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे.